फुकटचं नको, चोरीचं चालेल

तात्यापाऱ्यात दोन विषयांवर प्रत्येकाचं ठाम मत असतं. पहिला विषय, शारदा चौक ते तात्यापारा हा रस्ता कधी रुंद होणार. दुसरा, फोन कुठला घ्यावा. पहिल्या विषयावर इथली माणसं वर्षानुवर्षं बोलत आली आहेत. त्यानं रस्ता कधी वीतभरही सरकला नाही. दुसऱ्या विषयावरच्या चर्चेचा मात्र लगेच परिणाम दिसतो. सकाळी चौकात जो फोन एकमतानं ठरतो, त्याच्या बरोबर उलटा फोन घेऊन संध्याकाळी कुणीतरी जयस्तंभ चौकाजवळच्या रवि भवनातून परत येतं.

रायपूरबाहेरच्यांसाठी सांगायचं तर छत्तीसगडात मोहल्ल्याला पारा म्हणतात. बूढापारा, ब्राह्मणपारा, आमापारा, तसाच तात्यापारा. नावातच तात्या बसलेले असल्यामुळे मराठी वस्तीचा वेगळा दाखला द्यावा लागत नाही. इथलं मराठी पुण्याच्या पाहुण्याला अर्धं हिंदी वाटतं आणि नागपूरच्या पाहुण्याला पूर्ण मराठी. मत मात्र कुठल्याही भाषेत पूर्णच असतं. अर्धवट मत बाळगणारा माणूस या पाऱ्यात अजून राहायला आलेला नाही.

तंत्रज्ञानाबद्दलची ही मतं एकदा नीट ऐकावीत. जड फोन चांगला, हलका फोन ‘लोकल’. कॅमेरा मेगापिक्सेलवर जोखायचा, फोटो बघून नाही. चार्जर खोक्यात देत नाहीत म्हणजे कंपनीची नियत फिरली. टीव्ही घ्यावा तर ‘नॉन-स्मार्ट’, पण तो मिळत नाही, म्हणून स्मार्ट घ्यावा आणि त्याला इंटरनेट जोडू नये. हल्ली वॉशिंग मशीनवरही एआय लिहिलेलं असतं. समोरच्या वहिनींनी ते विकणाऱ्या पोराला भर दुकानात विचारलं, “एवढी बुद्धी आहे, तर मोजे जोडीनं का नाही काढून देत?” पोरानं कंपनीचं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं. त्यात मोज्यांचा उल्लेख नव्हता.

इथवर सगळं ठीक चालतं. गडबड होते ती ओपन सोर्सचं नाव निघालं की. म्हणजे असं सॉफ्टवेअर की ज्याचा आतला मजकूर कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, बदललेलं पुढे वाटता येतं, आणि बहुतेक वेळा त्याला पैसे पडत नाहीत. ही व्याख्या सांगून संपायच्या आत बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका हात वर करतात. “फुकट में कोई किसी को कुछ नहीं देता, लिहून घ्या. पैसे नाही घेऊन राहिले, म्हणजे दुसरं काहीतरी घेऊन राहिले.”

वाक्य चुकीचं नाही. माहितीच्या मोबदल्यात फुकट मिळणाऱ्या ॲपांबद्दल ते अगदी खरं आहे. पण काका हे बोलतात तेव्हा त्यांच्या पाठीमागे त्यांचा संगणक चालू असतो. तो कुणीतरी सुटे भाग जोडून आणून दिलेला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट अक्षरांत विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची विनंती कायमची उमटलेली. काकूंनी त्या संगणकाला क्रोशाचं झाकण विणलं आहे. झाकण काढलं की विनंती, झाकण घातलं की विनंती गुप्त. ही विंडोज काकांनी विकत घेतलेली नाही. ऑफिसही नाही. दोन्ही ‘त्यानं टाकून दिलं’ या सदरात मोडतात. ‘त्यानं’ म्हणजे कोण, हे पाऱ्यात सगळ्यांना माहीत असतं आणि त्याचं बिल कुणाकडेच नसतं.

आता गंमत अशी की, जे सॉफ्टवेअर लिहिणारा स्वतःहून ‘घ्या’ म्हणतो, त्याचा काकांना संशय येतो. जे लिहिणारा ‘पैसे दिल्याशिवाय घेऊ नका’ म्हणतो, ते न विचारता घेतलं तर त्यावर गाढ विश्वास. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: “अरे, ते महागाचं आहे ना!” म्हणजे वस्तू चोरीची असली तरी तिची किंमत खरी असते. एखाद्या वस्तूवर किंमतच नसेल, तर तिची चोरी करून तरी काय फायदा?

ओपन सोर्सवाल्यांचा इतिहास काकांना एकदा सांगून पाहिला. १९८० च्या सुमाराला अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रॅमरला त्यात एवढीच सोय करून हवी होती, की कागद अडकला तर प्रिंटरनं तसं कळवावं. पण त्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर त्याला मिळाला नाही. तो इतका चिडला की त्यानं १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची अख्खी चळवळच जाहीर केली. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. प्रिंटरबद्दलचा राग त्यांना मनापासून पटला. “पण एवढं कशाला करायचं? बाजूनं दोन थापा मारायच्या. निघतो कागद.”

पुढे १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं आपण एक संगणक-प्रणाली लिहितोय असं जाहीर केलं. हा नुसता छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंही त्यानं सोबत लिहिलं. ते लिनक्स. जगातले सगळ्यांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून एकूण एक त्याच्यावर चालतात. काकांच्या घरचा संगणक त्या पाचशेंत नसल्यामुळे हा मुद्दा त्यांना लागू पडला नाही.

लागू पडायची वेळ गेल्या दिवाळीत आली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सोय असलेलं नवीन यंत्र लागतं. काकांचं यंत्र जुनं, पण ठणठणीत. दिवाळी आठवड्यावर आलेली. बेंगळुरूहून भाचा आला, त्यानं चिवड्याची वाटी शेजारी ठेवून संगणकात पेनड्राइव्ह खुपसला आणि चहा निवायच्या आत लिनक्स मिंट बसवून टाकलं.

“स्टार्ट कुठं गेलं?” हा काकांचा पहिला प्रश्न.

“मामा, तिथंच आहे. डावीकडे, खाली.”

“तिथंच आहे ते दिसून राहिलं मला. पण वेगळं आहे.”

मग प्रिंटर जोडला. भाच्यानं सीडी मागितली नाही, काही डाउनलोड केलं नाही. पान सरळ बाहेर आलं. इथं काकांचा संशय बळावला. सीडी न घालता प्रिंटर चालतो, म्हणजे आधीच आत कुणीतरी बसलेलं असणार. काकूंचा प्रश्न एकच होता: पत्ते आहेत का? भाच्यानं पत्त्यांचा खेळ टाकून दिला. काकूंनी एक डाव मांडला, दुसरा मांडला, आणि चष्मा वर करून म्हणाल्या, “मध्येच जाहिरात नाही येत यात!” विंडोजबरोबरच्या पत्त्यांत गेली कित्येक वर्षं जाहिराती येतात. काकूंनी ना परवाना वाचला, ना मूळ मजकूर. तरी ओपन सोर्सच्या बाजूनं तात्यापाऱ्यात पडलेलं पहिलं निःसंदिग्ध मत त्यांचंच.

भाऊबीज झाली, भाचा बेंगळुरूला गेला. काकांना कुठलीशी फाइल उघडेना. उघडली तर ओळी सरकलेल्या. त्यांनी गल्लीतल्या पोराला हाक मारली. त्यानं पडदा पाहिला आणि विचारलं, “ये क्या डलवा लिए, अंकल?” या प्रश्नात लिनक्सचा निकाल लागला. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चालत नाही असं कंपनी म्हणते. पोरानं ते संध्याकाळपर्यंत चालवून दाखवलं. कसं, ते विचारू नये. उजव्या कोपऱ्यातली फिकट विनंतीही परत आली. काकांच्या जिवात जीव आला. पत्त्यांत मात्र पुन्हा जाहिराती आल्या, त्यामुळे काकू दोन दिवस कमी बोलल्या.

पण या प्रकरणात काकांना अडाणी ठरवून मोकळं होता येणार नाही. त्यांचा हिशेब पक्का आहे. बेंगळुरूचा भाचा हुशार, पण तो वर्षातून एकदा येतो. गल्लीतला पोरगा कमी हुशार, पण हाक मारली की चप्पल घालून हजर. तात्यापाऱ्यात कुठलीही वस्तू घेताना खरा प्रश्न किमतीचा नसतो, परवान्याचा तर नाहीच. प्रश्न असतो, ‘बिघडलं तर कोण येणार?’ फोन त्याच कंपनीचा घ्यायचा, जिचं दुरुस्तीचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पूर्वी फोन अडकला तर मागचं झाकण काढून, बॅटरी पँटला पुसून पुन्हा बसवली की काम व्हायचं. प्रत्येक जण स्वतःचा मेकॅनिक होता. आता झाकणच उघडत नाही. वस्तू उघडून बघण्याचा हक्क कंपन्यांनी हळूहळू काढून घेतला आणि त्याबद्दल पाऱ्यात रोज कुरकूर चालते. ओपन सोर्सवाले चाळीस वर्षं नेमकी हीच कुरकूर करत आहेत. दोघं एकाच बाजूचे आहेत. फक्त त्यांची ओळख कुणी करून दिलेली नाही.

ओळख करून देणारा भेटला तर काय होतं, ते केरळात दिसतं. तिथं शाळांमध्ये लिनक्स आणलं तेव्हा आधी मास्तरांना तयार केलं. बिघडलं तर येणारा माणूस वर्गातच उभा! आज कित्येक वर्षं तिथल्या सरकारी शाळांमधले संगणक लिनक्सवर चालतात. केंद्र सरकारनंही २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलं. हे ऐकून काका म्हणाले, “सरकारनं घेतलं? मग तर नकोच.”

कोपऱ्यावरच्या किराणा-ठोकवाल्या शेठजींचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. त्यांना स्वातंत्र्य, समाज, सहकार वगैरे सगळं सांगून झालं की ते गल्ल्यावरून मान वर न करता विचारतात, “टॅली चलेगा?” टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. लिनक्सवर ते सरळ चालत नाही. रायपूर हे व्यापाऱ्यांचं गाव. इथं हिशेब टॅलीत, जीएसटी टॅलीतून, आणि सीएला फाइल टॅलीची. त्या एका प्रश्नापुढे स्टॉलमनची चाळीस वर्षं गप्प बसतात. असा आक्षेप ऐकला की बरं वाटतं. माणसानं निदान आपलं काम कशावर अडतं, ते पाहून मत बनवलेलं असतं.

छापखान्यातला आक्षेपही असाच, बोटांचा. आमच्याकडच्या लग्नपत्रिका मराठी, पण छापखाने हिंदी. तिथं राज्य कृतिदेव फॉन्टचं. या जुन्या फॉन्टची तऱ्हा अशी, की पडद्यावर ‘राम’ दिसतो, पण फाइलच्या पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं बसलेली असतात. तीच फाइल वधूपित्याच्या फोनवर पाठवली की रामाचं जेकेई होतं, आणि वधूपिता भर दुपारी छापखान्यात येऊन उभा राहतो. शिवाय हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ पाहून पुण्याच्या आत्या पत्रिका हातात धरून म्हणतात, “छान आहे हो, पण हिंदी का छापलीत?” यावर उपाय आहे. युनिकोड वापरावं, त्यात ‘राम’ फाइलच्या पोटातही ‘राम’च राहतो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं केलेला ‘मुक्ता’सारखा देवनागरी फॉन्ट कुणालाही मोकळेपणानं वापरता येतो, बदलता येतो. छापखान्यातल्या ऑपरेटरनं तो पाहिला, चांगला आहे म्हणाला, आणि पुन्हा कृतिदेवकडे वळला. त्याची बोटं रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळरचनेवर वाढली आहेत. नव्या फॉन्टसाठी नवी बोटं कुठून आणायची? रेमिंग्टनचीच कळपाटी युनिकोडमध्येही मिळते, असं त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, “सीझन के बाद देखेंगे.” लग्नाचा सीझन संपला की निवडणुकीचा येतो, तो संपला की शाळेच्या प्रगतिपुस्तकांचा.

आता या सगळ्या मतांच्या खालून काय वाहतं, तेही पाहू. जो अँड्रॉइड फोन हातात धरून काका ‘लिनक्स आपल्याला झेपत नाही’ म्हणतात, त्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा. २०१८ मध्ये छत्तीसगड सरकारनं गावोगावच्या बायकांना आणि कॉलेजच्या मुलांना स्मार्टफोन वाटले. ते सगळे अँड्रॉइड, म्हणजे लिनक्स खेडोपाडी पोचलं तेही सरकारी खर्चानं, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. अनेक घरांतले वायफायचे डबे लिनक्सवर चालतात. दर नोव्हेंबरात निवृत्तांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो २०२१ पासून अँड्रॉइड फोनपुढे चेहरा धरूनही देता येतो. काका तसाच देतात. पापण्या मिटतात, उघडतात, दाखला जातो, पेन्शन चालू राहतं. सरकारदरबारी काका जिवंत आहेत, ते लिनक्सच्या साक्षीनं.

आणि व्हीएलसी! भगव्या शंकूचं चित्र असलेला तो व्हिडिओ-प्लेअर तात्यापाऱ्यातल्या प्रत्येक संगणकावर आहे. मुलाच्या मुंजीची, मुलीच्या लग्नाची, कुठल्याही काळातली सीडी तो निमूटपणे चालवतो. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो निघाला. रस्त्यावरचे शंकू गोळा करून ठेवायची त्या पोरांना खोड होती, ते चित्र त्याच्यावरून. त्यात जाहिराती घालायला मोठ्या रकमा देऊ केल्या गेल्या, चालवणाऱ्यांनी त्या नाकारल्या. पाऱ्यात त्याच्याबद्दल आदर आहे तो मात्र वेगळ्याच कारणानं: त्याचा आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेता येतो. मुंजीतली मंगलाष्टकं शेजाऱ्यालाही ऐकू जातात. तो ओपन सोर्स आहे, फुकट आहे, हे काकांना सांगितलं तर ते मानायलाच तयार नाहीत. “छे! तो तर चांगला आहे.”

काकांचा शेवटचा हुकमी मुद्दा सुरक्षेचा. “सगळ्यांना आतलं दिसतं, म्हणजे चोरालाही दिसतं की नाही?” दिसतं. २०२४ च्या मार्चमध्ये तसं घडलंही. एक्सझेड नावाचं, फायली दाबून लहान करणारं एक साधंसं ओपन सोर्स साधन आहे. जगभरच्या लिनक्स यंत्रांत ते कुठंतरी तळाशी पडलेलं असतं. फिनलंडचा लासे कोलिन हा एकटा माणूस ते वर्षानुवर्षं पगाराशिवाय सांभाळत होता आणि थकला होता. मराठी मंडळात कधी काम केलेल्याला पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. खजिनदार एकटाच वही लिहितो, बाकीचे फक्त ‘अहवाल कधी?’ विचारतात. अशा वेळी एक फार उत्साही नवा कार्यकर्ता येतो. आधी खुर्च्या लावतो, मग पावत्या फाडतो, मग म्हणतो, “काका, तुम्ही कशाला धावपळ करता? किल्ली माझ्याकडे द्या.” इथं त्या कार्यकर्त्यानं जिया टान असं नाव लावलं होतं. दोनेक वर्षं त्यानं मन लावून मदत केली, किल्ली मिळवली आणि मग आत गुपचूप चोरदरवाजा बसवला. तो जगभर पसरायच्या आत पकडला गेला, कारण आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला जाणवलं की दुसऱ्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्ध्या सेकंदासाठी एवढा चिकित्सक माणूस नोकरीला कुठं असावा? मायक्रोसॉफ्टमध्ये!

आतला मजकूर उघडा होता म्हणून चोर शिरला हे खरं, आणि उघडा होता म्हणूनच तो सापडला हेही खरं. पण मूळ दुखणं वेगळंच होतं. सगळं जग ते साधन वापरत होतं आणि सांभाळणारा एकटा होता. तात्यापाऱ्याला तरी हे नवं वाटायला नको. आपल्याच रायपूरचे माधवराव सप्रे, मातृभाषा मराठी, यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. पुढे दासबोध आणि गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेलं. मासिकाचं कौतुक भरपूर झालं, पण तीन वर्षांत पैशाअभावी ते बंद पडलं. आज सप्रे यांच्या नावानं शाळा आहे, मैदान आहे. वर्गणीदार तेव्हाच हवे होते.

तेव्हा वाचकहो, लिनक्स बसवाच असा आग्रह नाही. टॅली लागत असेल तर विंडोज घ्या, पण विकत घ्या. कोपऱ्यातली विनंती वाचायला फार वेळ लागत नाही. घरचं काम पत्ते, पत्रं आणि मुंजीच्या सीडीपुरतं असेल, तर भाच्याला पुढच्या दिवाळीत पेनड्राइव्ह आणायला सांगा, आणि जाताना गल्लीतल्या पोराला शिकवून जायलाही सांगा. व्हीएलसी वापरत असाल तर गणपतीला देता त्याच्या निम्मी वर्गणी त्यांना पाठवा, पावती मिळते. लिबरऑफिस या ओपन सोर्स ऑफिस-सॉफ्टवेअरच्या मराठी मेन्यूत एखादा शब्द खटकला तर चौकात हसण्याऐवजी दुरुस्ती कळवा. तिथं भाषांतर करणारेही तुमच्याआमच्यासारखेच आहेत आणि थोडेच आहेत. यातलं काहीच जमलं नाही, तर एवढं तरी करा: ‘फुकटात कोण काय देतं?’ हा प्रश्न अँड्रॉइड फोनवरून कुणाला पाठवू नका.